दाराखालची ढाल : गाडीच्या पत्र्याला नव्हे, चासीला बांधा

घाटावरून घाटाखाली माल नेणाऱ्या आमच्या व्यापारी बांधवांना गाडीच्या खर्चाचा हिशेब नव्याने सांगायला नको. डिझेल, टायर, पाटे, क्लच-प्लेट हे खर्च वहीत मांडलेलेच असतात. एक खर्च मात्र वहीत सहसा दिसत नाही, तो म्हणजे दाराखालच्या पत्र्याचा. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे, दाराच्या उंबरठ्याखाली जी लांब पोकळ पट्टी असते, तिला गॅरेजवाले ‘सिल’ म्हणतात. पुढचे चाक दगडावरून उतरले की गाडी खाली बसते आणि दगड नेमका तिथे लागतो. पत्रा आत दबला की दार घासू लागते, पावसाळ्यात पाणी आत शिरते आणि दोन-तीन वर्षांत ती पट्टी आतून गंजून जाते.

या पट्टीच्या बचावासाठी लोखंडी नळीची एक ढाल बसवतात. शहरातली शौकीन मंडळी तिला ‘रॉक स्लायडर’ म्हणतात, आमच्याकडचे वेल्डर ‘साइड गार्ड’ म्हणतात. ही ढाल म्हणजे पाय ठेवायचे पायदान नव्हे. पायदान माणसाचे वजन पेलते, ढालीला गाडीचे वजन पेलायचे असते. हा फरक आम्हाला नुकसान सोसल्यावर कळला, म्हणून तो सविस्तर लिहितो. जे बांधव वेल्डिंग-फॅब्रिकेशनचा धंदा करतात त्यांच्यासाठीही यात काही हिशेब आहेत.

आमची गाडी दुहेरी केबिनची, चारही चाकांना जोर असणारी पिकअप आहे. मागे कापडाचे गठ्ठे, केबिनमधे दोन-तीन माणसे. नवीन असताना एका दुकानात आम्ही तिला दोन्ही बाजूंनी चकचकीत स्टीलचे पायदान बसवून घेतले. दुकानदाराने ‘याने बाजूचा बचावही होतो’ असे सांगितले आणि आम्ही मान डोलावली. कापडाला हात लावला की त्यात सूत किती आणि खळ किती हे आम्ही सांगू शकतो, पण लोखंडाला हात लावून तेवढे कळत नाही. त्या पायदानाचे पाय कुठे बांधले आहेत हे आम्ही वाकून पाहिले नाही. ते दाराखालच्या पत्र्यालाच, चार लहान बोल्टांनी बांधलेले होते.

लग्नसराईचे दिवस होते. जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याकडून भिंगाऱ्याच्या बाजूला साड्या आणि लुगडी घेऊन गाडी निघाली होती. एका नाल्यात डावे चाक गोट्यावरून घसरले आणि गाडी डाव्या बाजूने आदळली. पायदान वर सरकले आणि त्याने पत्र्यालाच खालून घण मारला. बोल्टांभोवतीचा पत्रा फाटला, दाराची चौकट वर उचलली गेली. चालक पोरगा आमच्या शेजाऱ्याचा मुलगा. तो म्हणाला, “चाचा, दार उघडतच नाही.” दुसऱ्या दाराने सगळे उतरले. पायदान नसते तर पत्र्याला फार तर एक खोक पडली असती. बचावासाठी बसवलेल्या वस्तूनेच जास्त नुकसान केले. भर हंगामात आमचे दोन बाजार बुडाले.

असे का झाले, हे कापडवाल्याला एका उदाहरणात समजेल. कोटाला जड बटण लावताना चांगला शिंपी आतून लहान ठिगळ लावतो आणि अस्तराच्याही आत जाऊन टाका घालतो. नुसत्या वरच्या कापडाला टाका घातला तर बटण तुटत नाही, कापड फाटते. गाडीचेही तसेच. दाराखालचा पत्रा म्हणजे वरचे कापड. जाडीला तो एक मिलिमीटरच्या आसपास असतो. खरा भार घेणारी वस्तू म्हणजे चासी, गाडीखालच्या त्या दोन लांब लोखंडी तुळया. दगडाचा मार चासीपर्यंत पोहोचला पाहिजे आणि पत्र्याला त्याची खबरही लागता कामा नये. ढाल बसवण्याची सगळी विद्या या एका वाक्यात आहे. पुढचे सगळे त्यातूनच निघते.

आता आपल्या जिल्ह्यात ही गरज कुणाला आहे? सगळ्यांना नाही. मलकापूर, नांदुरा, खामगाव हा महामार्गावरचा धंदा करणाऱ्याला या खर्चात पडायचे कारण नाही. पूर्णेकाठच्या काळ्या मातीत तर दगड शोधूनही मिळत नाही. तिथे गाडी रुतते, आदळत नाही, आणि रुतलेल्या गाडीला ढालीचा उपयोग नाही. बोथा घाट किंवा राजूर घाट चढून बुलडाण्याला येणाऱ्यालाही डांबरी रस्ता आहे. खरी गरज दोन जागी पडते. एक, सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत. डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांनी तिथे पायथ्याशी गोट्यांचे थर टाकून ठेवले आहेत, आणि दर पावसाळ्यानंतर वाट बदललेली असते. दोन, अजिंठ्याच्या डोंगररांगेतल्या खेड्यांकडे जाणाऱ्या गाडरस्त्यांवर, जिथे काळा पाषाण उघडा पडला आहे. शिवाय खदानीवर किंवा विहिरीच्या कामावर पिकअप नेणारे लोक. यांनीच पुढचे वाचून खर्चाचा विचार करावा.

दुसरी अट गाडीची. ही ढाल वेगळी चासी असलेल्या गाडीलाच बसते. जुनी कमांडर आणि मार्शल, बोलेरो आणि तिची पिकअप, स्कॉर्पिओ, थार, टाटा सुमो, मारुतीची जिप्सी आणि जिम्नी, या सगळ्यांना शिडीसारखी वेगळी चासी आहे. (जाता जाता सांगतो : महिंद्र कंपनी १९४५ साली सुरू झाली तेव्हा तिचे नाव ‘महिंद्र अँड मोहम्मद’ होते. त्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मधे कंपनीचे नाव बदलले.) याउलट ब्रेझा, क्रेटा यांसारख्या उंच दिसणाऱ्या गाड्यांना वेगळी चासी नाही, त्यांचा सांगाडा पत्र्याचाच, आणि दाराखालची पट्टी हा त्या सांगाड्याचा भार घेणारा भाग असतो. अशा गाडीला कुणी ‘ऑफ-रोड गार्ड’ वेल्ड करून देतो म्हणाला तर हात जोडून परत यावे.

ही कल्पना आपल्याकडची नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात रुबिकॉन नावाची एक खडकाळ वाट आहे, तिथे जीप चालवण्याचा शौक फार जुना. त्या वाटेच्या नावाचे मॉडेल जीप कंपनीने २००३ साली काढले. त्या मंडळींच्या तजुर्ब्यातून या ढालीचा आकार ठरला. तिथे शौक आहे, आपल्याकडे पोटाचा धंदा आहे. पण दगडाला दोन्ही सारखेच.

दुसऱ्या वेळी आम्ही खामगावच्या एका वयस्क वेल्डरकडे गेलो. दोन दिवस त्यांच्या दुकानात स्टूल टाकून बसलो आणि जे पाहिले, विचारले ते लिहून घेतले. त्यांनी आधी आमची गाडी सपाट जागेवर उभी करायला लावली आणि सतरंजी टाकून स्वतः खाली गेले. अर्धा तास काही बोलले नाहीत. वर आल्यावर खडूने चासीवर कुठे काय आहे ते दाखवले : इथून ब्रेकचा पाइप जातो, इथून डिझेलचा, ही वायरिंग, ही हँडब्रेकची केबल, हा धुराडा, ही टाकी. “सेठ, पाय कुठे लावायचे हे आपण ठरवत नाही, हे पाइप ठरवतात,” असे ते म्हणाले. वाचकांनी हे लक्षात ठेवावे. जो कारागीर गाडीखाली न जाता भाव सांगतो, त्याच्याकडे हे काम देऊ नये.

मग माल. त्यांनी दीड इंची पाइप निवडला. बाजारात पाइपाला आतल्या मापाने ओळखतात. दीड इंची पाइपाचे बाहेरचे माप ४८.३ मि.मी. असते. हा पाइप तीन वर्गांत येतो. पिवळ्या पट्ट्याचा हलका, निळ्या पट्ट्याचा मध्यम आणि लाल पट्ट्याचा जड. मध्यमची भिंत ३.२ मि.मी., जडची ४ मि.मी. पाण्याच्या नळासाठी निळा पट्टा उत्तम, ढालीसाठी मात्र लाल पट्टाच घ्यावा. भावात फरक आहे, पण एकूण खर्चात मजुरीचा वाटा मोठा असतो, तेव्हा पाइपात काटकसर करू नये. चौकोनी पाइपही चालतो, तेवढ्याच जाडीचा हवा. पण दगडावरून घसरायला गोल पाइप बरा, कारण त्याला कोपरा नाही.

इथे वेल्डर बांधवांना एक कळकळीची सूचना. पांढरा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप सरळ वेल्ड करू नका. जस्त जळून जो पांढरा धूर निघतो तो छातीत गेला की त्याच संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते. अनेक दुकानांत यावर दूध पितात, गूळ खातात. त्याने तो धूर छातीतून निघत नाही. एक तर काळा पाइप आणावा, नाही तर जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच मुलामा ग्राइंडरने पूर्ण काढावा, आणि तरीही वारा आपल्या पाठीमागून वाहील असे बसावे. शागीर्द पोरांना जोडाजवळ तोंड घालून बसू देऊ नये. हे लिहिण्याचे कारण, दोन दिवसांत आम्ही शेजारच्या दुकानात एका पोराला खोकताना पाहिले.

वजनाचा हिशेब असा. लाल पट्ट्याचा दीड इंची पाइप मीटरला सुमारे ४.४ किलो भरतो. एका बाजूला बाहेरचा एक आणि आतला एक मिळून साडेतीन मीटरच्या आसपास पाइप लागतो, म्हणजे १५ किलो. पाय, प्लेटा आणि बोल्ट धरून आणखी सात-आठ किलो. दोन्ही बाजूंचे मिळून ४५ किलो धरा. मालवाहू गाडीत एवढा माल कमी भरावा लागेल, कारण नोंदणीतले एकूण वजन ढालीसाठी वाढत नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर साड्यांचा एक गठ्ठा कमी.

आता मुख्य गोष्ट, पाय चासीला कसे बांधायचे. यात तीन रीती आहेत. पहिली, सरळ चासीला वेल्ड करणे. ही सर्वांत स्वस्त, आणि आमच्या मते सर्वांत वाईट. चासीचे लोखंड कारखान्यात ठराविक ताकदीचे बनवलेले असते, वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारची ती ताकद बदलते आणि तडा तिथूनच सुरू होतो. तडा ढालीत गेला तर ढाल बदलता येते, चासीत गेला तर गाडी गेली. विशेषतः चासीच्या वरच्या आणि खालच्या आडव्या काठांवर वेल्डिंग किंवा भोक कधीही करू नये. तुळई वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण त्या दोन काठांवर असतो, मधल्या उभ्या भागावर सगळ्यात कमी. कापडाचा काठ कापला की सगळे थान उसवते, तसेच.

दुसरी रीत, उभ्या भागात भोके पाडून बोल्टने बांधणे. ही चालते, पण दोन पथ्ये आहेत. कंपनीने आधीच पाडलेली भोके असतील तर तीच वापरावी. आणि चासी बंद पेटीसारखी असेल तर बोल्ट आरपार घालताना आत पोलादी नळीचा तुकडा बसवलाच पाहिजे. तो नसेल तर बोल्ट कसताना पेटी दबते, आज घट्ट वाटलेला बोल्ट महिन्यात ढिला होतो.

तिसरी रीत आमच्या गाडीला केली आणि तीच आम्ही सुचवतो. चासीच्या बाहेरून एक जाड प्लेट, आतून दुसरी प्लेट, आणि बोल्ट चासीतून न जाता तिच्या वरून व खालून. म्हणजे चासी दोन प्लेटांच्या चिमट्यात धरली जाते. भोक नाही, वेल्डिंग नाही. प्लेट ८ मि.मी. जाडीची, चासीच्या उंचीपेक्षा वर-खाली दीड-दीड इंच मोठी. चिमटा मागे-पुढे सरकू नये म्हणून मधे एक बोल्ट कंपनीच्याच भोकातून घातला. वरून जाणाऱ्या बोल्टाखाली ब्रेकचा किंवा डिझेलचा पाइप चिमटत नाही ना, हे हाताने चाचपून पाहायचे. डोळ्यांना तिथे दिसत नाही. एका बाजूला असे तीन पाय, आणि शक्य तिथे चासीच्या आडव्या दांडीजवळ, कारण तिथे चासी पिळली जात नाही.

प्लेट उंच का हवी, याचा हिशेब उस्तादांनी खडूने फरशीवर करून दाखवला, तो आम्ही इथे देतो. चासीपासून ढालीच्या बाहेरच्या पाइपापर्यंतचे अंतर १२ इंच धरा. दगडाने एका पायाच्या टोकाला एक टन जोराने वर ढकलले. पाय वर फिरू पाहतो. प्लेटेचा वरचा भाग चासीत रुततो आणि खालचा भाग चासीपासून सुटू पाहतो. ती सुटू न देणे हे खालच्या दोन बोल्टांचे काम. चासीच्या वरच्या काठापासून खालचे बोल्ट ६ इंचांवर असतील तर त्यांच्यावर १२ भागिले ६, म्हणजे दोन टन ताण येतो. प्रत्येकी एक टन. गाडी आदळते तेव्हा हा भार निदान दुप्पट धरावा, म्हणजे प्रत्येकी दोन टन. प्लेट बुटकी असून हेच अंतर ३ इंच झाले तर ताण प्रत्येकी चार टन. पाइप तोच, बोल्ट तेच, वेल्डर तोच; फक्त प्लेट बुटकी.

आता बोल्ट पाहा. बाजारात खुला, खुणेशिवायचा १२ मि.मी. बोल्ट साधारण ४.६ प्रतीचा समजतात. तो दोन टनांच्या थोडे आतच ताणून लांब होतो आणि परत येत नाही. डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला त्याच मापाचा बोल्ट सुमारे पाच टनांपर्यंत टिकतो. या आकड्याचा अर्थ असा. पहिला आठ म्हणजे तुटण्याची ताकद, दर चौरस मि.मी.ला ८०० न्यूटन, म्हणजे साधारण ८० किलो. बिंदूनंतरचा आठ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत बोल्ट ताणला तरी परत मूळ लांबीला येतो. सुताचा काउंट जसा लेबलवर वाचून घेतो तसा बोल्टाचा आकडा डोक्यावर वाचून घ्यावा. दोन्ही बोल्टांच्या किमतीतला फरक एका चहा-नाश्त्याएवढा असेल, आणि हिशेबातला फरक वर दिलाच आहे. नट त्याच तोडीचा, नायलॉनच्या कड्याचा घ्यावा, आणि खाली जाड वायसर.

कसण्याचेही माप आहे. १२ मि.मी.च्या ८.८ बोल्टाला सुमारे ८० न्यूटन-मीटर पीळ द्यावा. टॉर्क पाना नसेल तर एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण २६-२७ किलोचा जोर, एवढे समजावे. पान्याला पाइप घालून दोन माणसांनी लटकू नये. त्याने बोल्ट घट्ट होत नाही, आधीच ताणून बसतो आणि पहिल्या दगडाला हात टेकतो.

वेल्डिंग गाडीवर करायचे नाही. गाडीवर फक्त टाके मारायचे, म्हणजे पाय आणि पाइप जागेवर धरून चार-चार ठिकाणी ठिपका द्यायचा. मग सगळी ढाल उतरवून टेबलावर पूर्ण वेल्डिंग. गाडीखाली डिझेलचे पाइप, रबर, गवत-कचरा अडकलेला असतो. ठिणगीला तेवढे पुरे. टाके मारतानाही बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवावी आणि अर्थचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावावा. आताच्या गाड्यांत इंजिनाचा संगणक असतो, वेल्डिंगचा करंट भलत्या वाटेने गेला तर तो जळतो. वाळूची बादली शेजारी हवी. पायाला वरून किंवा खालून त्रिकोणी पट्टी द्यायला विसरू नये. तुळई भिंतीत घुसते तिथे जसा टेकू देतात तसा तो टेकू आहे. जोड साफ घासून, ३.१५ मि.मी. काडीने. ७०१८ नंबरची काडी वापरायची तर ती कोरडी हवी. पावसाळ्यात दमट झालेल्या काडीने जोडात बारीक छिद्रे राहतात, वरून दिसत नाहीत.

ढालीच्या जागेबद्दल तीन गोष्टी. ढाल आणि दाराखालचा पत्रा यांत सहा ते आठ सूत, म्हणजे पाऊण ते एक इंच फट ठेवावी. केबिन चासीवर रबरी बुशांवर बसलेली असते आणि वाटेवर हलते. फट नसेल तर ढाल पत्र्याला घासेल, आणि मग आपण सुरुवातीच्या पायदानावर परत आलो. दुसरे, बाहेरचा पाइप आतल्यापेक्षा थोडा वर हवा, म्हणजे पाय बाहेरच्या बाजूला चढते असावेत. त्याने जमिनीपासूनची उंची कमी होत नाही. तिसरे, खालच्या अंगाला काहीही लोंबकळता कामा नये. बोल्टाचे डोके, नटाची लांब शेपटी, पट्टीचा कोपरा, काहीच नाही. दगडावर अडकली तर ती ढाल नाही, नांगर आहे. चाक पूर्ण वळवून आणि पुढून जॅक लावून चाक खाली-वर करून पाहावे की टायर ढालीच्या टोकाला लागत नाही. टोके गोल झाकणाने बंद करावीत, म्हणजे बाजारातल्या गर्दीत कुणाच्या पायाला धार लागणार नाही.

काम झाल्यावर उस्तादांनी पैसे घेण्याआधी ढालीच्या मधोमध जॅक लावला आणि त्या बाजूची दोन्ही चाके जमिनीपासून उचलली. चासीखाली ठोकळे ठेवलेले होतेच. जॅकच्या भरवशावर कुणी गाडीखाली जाऊ नये. पाइप वाकला का, फट कमी झाली का, प्लेट सरकली का, हे सूत लावून मोजले. फट दोन सुतांनी कमी झाली आणि जॅक काढल्यावर पूर्ववत आली. जो कारागीर ही परीक्षा द्यायला तयार नाही त्याच्या कामाबद्दल आम्ही काय सांगावे?

आता कायदा. याकडे आपले लोक डोळेझाक करतात आणि मग दंड भरतात. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ असे सांगते की कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मधे सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हीच गोष्ट स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. त्यानुसार परवानगीबाहेर बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. त्याआधी डिसेंबर २०१७ मधे केंद्रीय परिवहन मंत्रालयाने गाडीच्या पुढच्या लोखंडी गार्डांवर, ज्यांना ‘बुल बार’ म्हणतात, कारवाई करायला राज्यांना कळवले. कारण असे की पायी माणसाला ते जीवघेणे ठरतात, आणि एअरबॅगच्या सेन्सरला अडथळा करतात.

बाजूची ढाल पुढच्या गार्डासारखी नाही, ती गाडीच्या रुंदीच्या आत राहते. पण म्हणून ती आपोआप मान्य आहे असे कुणी समजू नये. तपासणीस काय म्हणेल हे आपण दुकानात बसून ठरवू शकत नाही. म्हणून पाइप कापण्याआधी बुलडाण्याच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारावे आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. न कळवलेल्या बदलावरून दाव्याच्या वेळी वाद होतो, आणि तेव्हा आपली बाजू लंगडी असते. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते. तिथे ढाल काढायला सांगितली तर चिमट्याची ढाल अर्ध्या तासात उतरते. वेल्ड केलेली उतरवायला गॅस कटर लागतो. तिसऱ्या रीतीकडे आमचा ओढा असण्याचे हे दुसरे कारण. मोठ्या ट्रकांना दोन चाकांच्या मधे ज्या आडव्या पट्ट्या असतात त्या वेगळ्या. सायकलवाला किंवा पायी माणूस चाकाखाली जाऊ नये म्हणून त्या कायद्यानेच बसवाव्या लागतात, त्या काढून तिथे ढाल बसवू नये.

शेवटी गंजाचे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा भाग खारपाणपट्ट्यात येतो. तिथल्या बोअरच्या पाण्याने गाडी धुतली की चिखल निघतो आणि मीठ राहते. ते प्लेटांच्या फटीत बसून लोखंड खाते. म्हणून बसवण्याआधी प्लेटांच्या आतल्या बाजूलाही रेड ऑक्साइडचे दोन हात द्यावेत. पाइपाच्या सर्वांत खालच्या जागी एक बारीक भोक ठेवावे, आत साचलेले पाणी निघून जाते. पहिल्या २०० ते ३०० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासावेत, कारण प्लेटांमधला रंग दबतो आणि पीळ कमी होतो. उस्तादांनी कसल्यानंतर प्रत्येक नटावरून प्लेटेपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून दिली. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला असे समजायचे. आमच्या नटांपैकी पहिल्या फेरीनंतर दोन फिरले होते, ते परत कसले.

त्या ढालीवर आमचे तीन हंगाम झाले. डाव्या बाजूच्या खालच्या पाइपाचा रंग पार घासून गेला आहे, एका जागी बोटभर खड्डाही आहे. दर पावसाळ्याआधी चालक पोरगा तिथे ब्रश मारतो. रेड ऑक्साइडचा लहान डबा, बोल्टांचा एक जादा जोड आणि १९ नंबरचा पाना आता सीटमागे कायम ठेवलेला असतो.